बाहेरून लावायचे पडदे

लोवेल हॅगर्टीच्या कॅम्परच्या खिडक्या आतून बंद होत नसत. त्या बंद करायला बूट चढवून बाहेर जावं लागे, मग पाऊस असो, गारा असोत, की स्टीन्स डोंगरावरून सुटलेला वारा असो. असले कॅम्पर आता कोणी बनवत नाही, आणि बनवू नयेत असंच बहुतेकांचं मत आहे. लोवेलचं मत वेगळं होतं. पण लोवेलचं मत बहुतेक बाबतींत वेगळंच असायचं, आणि त्याची बायको डेल्फा हिला ते लग्न झाल्यापासून तोंडपाठ होतं.

पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेली ती पत्र्याची खोली होती. रस्त्याने जाताना बुटकी दिसायची. मुक्कामाला पोचलं की छत वर उचलायचं, मग छत आणि पत्रा यांच्यामध्ये रेक्झिनच्या भिंती ताणून उभ्या राहायच्या आणि आत माणसाला ताठ उभं राहता यायचं. त्या कापडी भिंतींना तीन खिडक्या. डावीकडे एक, उजवीकडे एक आणि मागे दाराच्या वर एक. आतून जाळी शिवलेली, जाळीवर बाहेरून पारदर्शक प्लॅस्टिक, आणि त्याच्यावर जाड रेक्झिनचा पडदा. हवा हवी असेल तर दोन्ही गुंडाळून वर पट्ट्यांनी बांधायचे, थंडी लागली तर सोडून कडेच्या वेलक्रोवर दाबून बसवायचे, आणि हे सगळं बाहेरून. खिडक्या इतक्या उंचावर की स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचायचा नाही. म्हणजे रोज सकाळी स्टूल घेऊन एक फेरी, आणि रोज संध्याकाळी एक फेरी.

कॅम्पर घेतला तेव्हापासून या दोन्ही फेऱ्या लोवेलच्या होत्या. आणि आता लोवेलला दिसत नव्हतं.

काचबिंदूने आधी त्याच्या नजरेच्या कडा खाल्ल्या आणि मग मधलंही खाल्लं. गेल्या दोन वर्षांत फक्त उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. ज्या माणसाने उभी हयात जिल्ह्याचे कच्चे रस्ते सपाट करणारं अजस्र यंत्र चालवलं, ज्याच्या पात्याखालून निघालेल्या रस्त्यावर लोक कॉफीचा कप हातात धरून गाडी चालवत, त्याला आता आपल्याच अंगणात काठी घ्यावी लागत होती. गाडी डेल्फा चालवू लागली. बंदूक भावाच्या मुलाकडे गेली. बर्न्स गावातल्या घराचा हिशेब, औषधं, बागेतलं गवत, एकेक गोष्ट त्याच्या हातून सुटत गेली, आणि त्याने चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा डेल्फा सहज म्हणाली, "पडद्यांचं आता मी बघते," तर तो इतक्या जोरात "नाही" म्हणाला की ओट्यावरचं मांजर पळालं.

त्याचं काम बघण्यासारखं होतं हे मात्र कोणीही कबूल करील. सकाळी तो स्टुलावर चढायचा आणि आधी हाताची मागची बाजू प्लॅस्टिकला लावायचा. थंडीत ते प्लॅस्टिक कडक होतं, आणि कडक असताना गुंडाळलं तर पापडासारखं मोडतं. "अजून झोपलंय," असं म्हणून तो खाली उतरायचा आणि कॉफी प्यायचा. सूर्य डोंगरावर चढून त्या बाजूला आला की पुन्हा हात लावायचा. "उठलं," म्हणायचा, आणि मगच गुंडाळायला घ्यायचा. गुंडाळी नेहमी आतल्या अंगाला घालायची, कारण बाहेरच्या अंगाला घातली तर पावसाचं पाणी तिच्यात साचतं आणि पट्टी सोडली की सगळं मनगटावरून बगलेत जातं. वेलक्रोत वाळू आणि कुत्र्याचे केस अडकतात म्हणून त्याच्या खिशात जुना टूथब्रश असायचा. एक कड घासायची, हात फिरवायचा, पुन्हा घासायची. घाई नाही, चिडचिड नाही. आणि निघताना छत खाली आणण्याआधी तो सगळ्या भिंतींवरून तळहात फिरवून बघायचा, एखादी गुंडाळी वर राहून गेली नाही ना. कॅम्पर नवीन असताना त्यांनी एकदा गुंडाळीसकट छत खाली आणलं होतं आणि तसेच नेवाडाच्या हद्दीपर्यंत गेले होते. प्लॅस्टिकला पडलेली ती घडी पुढे कधी गेलीच नाही. डेल्फाने तो विषय अजून सोडलेला नव्हता, कारण त्या दिवशी छत खाली घेणारा दांडा लोवेलच्या हातात होता.

संध्याकाळच्या फेरीला मात्र दोघं लागत. कापडी भिंतीवर बाहेरून वेलक्रो दाबला तर भिंत आत जाते आणि पट्टी धरत नाही. आतून कोणीतरी हात लावावा लागतो. लोवेल बाहेर पत्र्यावर बोटांनी टकटक करायचा, आणि डेल्फा चुलीवरचं टाकून त्या खिडकीपाशी जायची. त्याचा हात कडेकडेने सरकायचा तसा तिचा आतून सरकायचा. तीन खिडक्या, तीन टकटकी. तेवढ्यात तिचा कांदा हमखास करपायचा आणि ती हमखास बडबडायची.

पण मधल्या वेळाचं काय, हे कोणाला सांगणार? एका खिडकीवरून उतरून, स्टूल उचलून, कोपरा वळून दुसऱ्या खिडकीशी येईपर्यंत तो तिला दिसत नसे. कॅम्पर ट्रकवरून उतरवण्यासाठी चारही कोपऱ्यांना जॅकचे लोखंडी पाय होते. खाली टेकवलेले नसले की ते जमिनीपासून वीतभर वर लोंबकळायचे, आणि त्यांचे पसरट पंजे बरोबर नडगीच्या उंचीला यायचे. डोळस माणसंही त्यांच्यावर आपटून शिव्या देतात. वसंतात मालूर नदीकाठी एका संध्याकाळी डेल्फा आतून "लोवेल, बरा आहेस ना?" असं विचारत होती, तेवढ्यात धाडकन आवाज झाला. ती बाहेर धावली तर लोवेल जमिनीवर, स्टूल त्याच्या अंगावर, आणि नडगीतून रक्ताची धार. तो हसत होता. "जॅकला काही झालं नाही ना?" म्हणाला. तिने पट्टी बांधली, त्याच्याबरोबर हसली, आणि घरी पोचल्यावर तो आंघोळीला गेलेला बघून बोइसी शहरात राहणाऱ्या मुलाला फोन केला.

मुलगा म्हणजे ग्रँट. शहाणा, कष्टाळू आणि आईचा शब्द खाली न पडू देणारा. आई फोनवर म्हणाली, "मला आतून बंद होणाऱ्या खिडक्या हव्यात. बाबांना सांगू नकोस मी मागितल्या म्हणून. तुझ्याच डोक्यातून निघालं असं दाखव." ग्रँट म्हणाला, "आई, ते रागावतील." ती म्हणाली, "रागावले तर चालतील. मोडले तर चालणार नाहीत."

दर ऑक्टोबरात आल्व्हर्डच्या कोरड्या तळ्याकाठी, गरम झऱ्याजवळ, जुन्या कॅम्परवाल्यांचा आठवडाभर मुक्काम पडतो. कोणी बोलावत नाही, सगळे येतात. त्या वर्षीही हॅगर्टी आले. डेल्फाने ट्रक वाऱ्याकडे तोंड करून उभा केला, लोवेलने छत उचललं, आणि शेजारच्या चकचकीत नव्या कॅम्परमधून फेलिक्स उरिआर्ते खाली उतरला. हा जॉर्डन व्हॅलीचा बास्क, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या मेंढपाळांच्या कुळातला, मेंढ्या भादरण्यात जन्म गेलेला, आणि तोंडाचा पट्टा सैल.

"आला का तुमचा तंबू!" तो ओरडला. "लोवेल, लेका, माझ्याकडे बघ. मी खुर्चीतून न उठता खिडकी लावतो."

"म्हणूनच तुझं पोट असं सुटलंय," लोवेल म्हणाला.

"तुला काय दिसतंय माझं पोट?"

"दिसायला कशाला पाहिजे? तू पायरी उतरलास तेव्हा पायरी काय म्हणाली ते ऐकलं मी."

फेलिक्स खदाखदा हसला आणि त्याने घरचे चोरिझो, म्हणजे तिखट मांसाचे सॉसेज, भाजायला काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रँट आला. त्याच्या गाडीत एक लांबलचक खोकं होतं. रात्रीची बीन्स आणि मक्याचा पाव खाऊन होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला, आणि डेल्फा त्याच्याकडे न बघता भांडी पुसत राहिली. शेवटी त्याने खोकं उघडलं. पूर्ण नवीन कापडी भिंती होत्या. पत्र्यावरची जुनी काढून ह्या बसवायच्या.

"बाबा, हात लावून बघा. मीच बसवून देतो, दोन दिवसांचं काम आहे."

लोवेलने बनियनला हात पुसले आणि कापड मांडीवर घेतलं. तो कितीतरी वेळ ते चाचपत होता. शिवण तपासली, दुमड तपासली, कापड नाकाला लावून वास घेतला. "माल चांगला आहे," तो म्हणाला. "टीप दुहेरी आहे. ही चेन कोणत्या बाजूला?"

"आत."

"आणि बाहेर काय?"

"बाहेर काहीच नाही. तीच तर गंमत आहे. तिन्ही खिडक्या आतून उघडायच्या, आतून लावायच्या. कोणाला बाहेर जायलाच नको."

"कोणाला बाहेर जायला नको," लोवेल म्हणाला. त्याने कापडाची घडी घातली, पहिल्यासारखी चौकोनी घातली, आणि खोक्यात ठेवली. "तुझे उपकार आहेत, पोरा. महाग पडलं असणार."

एवढंच. आदळआपट केली असती तर डेल्फाला बरं वाटलं असतं. भांडायची तयारी तिने वसंतापासून केली होती, आणि हा माणूस मुलाचे आभार मानून झोपायला गेला. पण तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्या लोखंडी पंजाची आठवण झाली की ते आणखी पक्कं होत होतं.

पहाटे दहिवर गोठलं. तळ्याचा पांढरा तळ उजळला, स्टीन्सच्या माथ्यावर गुलाबी रंग चढला, आणि आपल्या तंबूतून बाहेर आलेला ग्रँट ते बघून हरखला. आईबापांना अंथरुणातून हे दिसावं असं त्याला वाटलं. इतकी वर्षं शहरात राहून आलेला, त्यातून प्रेमळ मुलगा, मग काय विचारता! त्याने स्टूल आणलं, डाव्या खिडकीचा पडदा सोडवून वर बांधला, आणि खालचं प्लॅस्टिक गुंडाळायला घेतलं.

कडाड्!

आत अंथरुणात लोवेलने डोळे उघडले. "डावी खिडकी," तो म्हणाला. "वरपासून खालपर्यंत." बाहेरून ग्रँटचा एक शब्द ऐकू आला, जो त्याच्या आईने त्याला शिकवलेला नव्हता.

ग्रँट चेहरा पाडून दाराशी आला. "बाबा, मला वाटलं... तसंही नवीन बसवायचंच आहे ना?"

"बसवशील तेव्हा बसवशील. आज रात्री वारा येणार आहे. माझे गुडघे सांगतायत. चिकटपट्टी आण, रुंद, पारदर्शक. डेल्फा, पाणी तापव. शेकायची रबरी पिशवी भर."

मग सूर्य वर आल्यावर बापलेक कामाला लागले. लोवेल स्टुलावर, ग्रँट पिकअपच्या चाकावर पाय देऊन. ग्रँटने गरम पिशवी फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या मागे धरायची, त्या जागचं प्लॅस्टिक मऊ झालं की लोवेलने फाटलेल्या कडा बोटांनी जुळवायच्या आणि वरून पट्टी चढवायची. मग पिशवी बोटभर खाली. घाई केली की कड सरकते. लोवेलचा अंगठा कडेवरून असा फिरत होता की ग्रँट बघतच राहिला. पट्टीखाली एक बुडबुडा राहिला नाही, एक सुरकुती राहिली नाही. इतकी नीट पट्टी ग्रँटला टेबलावर मांडूनही लावता आली नसती, आणि हे त्याचं त्यालाच जाणवलं.

आत डेल्फा पॅनकेक करत होती. पडदा वर बांधलेला, प्लॅस्टिक बाजूला धरलेलं, मध्ये फक्त जाळी. बाहेरचा शब्द न शब्द तिला ऐकू येत होता.

"बाबा, एक विचारू? तुम्हाला ते नवीन नको आहे, होय ना?"

"नको असं मी कुठे म्हणालो?"

"म्हणाला नाहीत, पण घडी घातलीत ती मी बघितली." ग्रँट थांबला. बोलू नये ते त्याच्या तोंडून गेलंच. "माझ्या डोक्यातून नाही निघालं ते. आईनेच फोन केला होता. तुम्ही पडलात त्या दिवसापासून ती तुमच्या फेरीला घाबरते."

डेल्फाने चूल बंद केली. पॅनकेक कच्चाच राहिला. पळून जायला त्या एवढ्याशा खोलीत जागा नव्हती, म्हणून ती जाळीपाशी उभी राहिली.

लोवेलने हातातली पट्टी शेवटपर्यंत दाबून घेतली. मग म्हणाला, "डेल्फा, आतच आहेस ना?"

"आहे."

"खरं आहे हे?"

"खरं आहे. तू एका खिडकीवरून उतरतोस आणि दुसरीपाशी येतोस, तेवढा वेळ मला तू दिसत नाहीस. मी तिथे उभी राहून मरते रोज. तुला काय कळणार!"

"तेवढा वेळ मी तुला दिसत नाही," लोवेल म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मला तू दोन वर्षं दिसत नाहीस."

फेलिक्सच्या कॅम्परपाशी कोणीतरी हसत होतं.

"दिवसभर तू कुठे आहेस ते मी भांड्यांवरून ओळखतो," तो म्हणाला. "चपलांवरून ओळखतो. तू गप्प बसलीस की मला कळत नाही, घरात आहेस का गेलीस शेजारी. मग मी उगाच काहीतरी विचारतो, चष्मा कुठे ठेवलाय, पाणी आहे का. मला चष्म्याचं काय करायचंय? संध्याकाळी मात्र मी कापड दाबतो आणि पलीकडे तुझा हात असतो. तिन्ही खिडक्यांना असतो. तेवढ्यापुरतं मला काही विचारावं लागत नाही."

डेल्फाला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला. इतकी वर्षं ती त्या टकटकीला "आले, आले, जीव खाऊ नकोस" असं म्हणत आली होती. "हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू तरी फोनचं कुठे सांगितलंस?"

तिने एप्रनने तोंड पुसलं. "सगळं खरं, पण तू पुन्हा पडलास तर? तुझं हे गोड बोलणं त्या जॅकला ऐकू येतं का?"

"नाही येत," लोवेल म्हणाला. "मग तू बाहेर ये. संध्याकाळची फेरी आज तू कर. मी करतो तशी, डोळे मिटून. त्यानंतर तू सांगशील ते. बसव म्हणालीस तर ग्रँट उद्या नवीन बसवील आणि मी परत ब्र काढणार नाही."

"आणि आत हात कोण लावणार?"

"मी लावतो," ग्रँट घाईघाईने म्हणाला. त्याला काहीतरी भरून द्यायचं होतं.

गुडघ्यांनी सांगितल्याप्रमाणे दुपारनंतर वारा सुटला. तळ्यावरची पांढरी धूळ उठू लागली. सूर्य डोंगराकडे कलला तेव्हा डेल्फा जाड कोट घालून बाहेर आली. फेलिक्स खुर्ची घेऊन तमाशा बघायला बसला होता. लोवेलने त्याला सांगितलं, "एक शब्द बोललास तर तुझे चोरिझो कुत्र्याला घालीन," आणि फेलिक्सने खरोखरच तोंड मिटलं.

डेल्फाने डोळे मिटले. पहिल्या क्षणालाच जमीन पायाखालून गेल्यासारखी वाटली. ती पत्र्याला हात टेकून उभी राहिली. लोवेल तिच्याजवळ होता. "स्टुलाचे चारही पाय हलवून बघ. एक जरी डुगडुगला तरी जागा बदल. हं. आता चढ."

ती चढली. वारा कानात घोंघावत होता. दाराच्या वरच्या खिडकीची पट्टी तिला सापडेना. सापडली तर सुटेना. सुटली तेव्हा पडदा तिच्या तोंडावर आपटला, आणि वेलक्रोची कड कोणती हे बोटांना कळेपर्यंत तिला घाम फुटला. रोज सकाळी, रोज संध्याकाळी हा माणूस हे करतो, आणि आत येऊन शीळ घालत हात धुतो! तिने पत्र्यावर टकटक केली. कापडापलीकडे ग्रँटचा तळवा आला, भलामोठा आणि उबदार. तिने दाबलं, त्याने दाबलं, पट्टी धरली. आपलं कोणीतरी तिथे आहे एवढं कळलं आणि तिचा हात कडेने आपसूक पुढे सरकला. दिसत काहीच नव्हतं, तरी सरकला.

डावी खिडकी, सकाळची चिकटवलेली, तिने त्याहून हळू लावली. लोवेलने चिकटपट्टी कुठे लावली ते तिच्या बोटांना कळलंच नाही, इतकी ती बसली होती. आता राहिली उजवी. त्यासाठी पुढून फिरता येत नव्हतं, परत मागे जाऊन दोन कोपरे वळायचे होते. वसंतात लोवेल पडला तो दुसरा कोपरा.

तिने स्टूल काखेत मारलं. एक हात पत्र्यावर ठेवून सरकू लागली. लोवेलचा आवाज बंद झाला होता. धूळ नाकात जात होती. पहिला कोपरा ती पाय फरफटत वळली, दारावरून गेली, आणि मग पत्रा संपला. हाताखाली काही राहिलं नाही. इथेच, इथेच कुठेतरी तो पंजा आहे. डोळे उघडायचा मोह तिला इतका झाला की पापण्या दुखल्या. "लोवेल?" ती म्हणाली. उत्तर आलं नाही. तिने श्वास धरला आणि पाय पुढे टाकला.

तिची नडगी कशाला तरी लागली. पण ते लोखंड नव्हतं. जाड सुती विजार होती, आणि विजारीच्या आत पाय होता. तिने डोळे उघडले. जॅकच्या पंजावर आपली पोटरी टेकवून, त्याच्या आणि तिच्या मध्ये लोवेल उभा होता. एक हात त्याने तिच्या खांद्याच्या उंचीला, ती येईल तिथे आडवा धरलेला होता. काठी कॅम्परच्या दाराशी टेकलेली होती. तो तिथवर काठीशिवाय पोचला होता.

"तुला माहीत होतं हा कुठे आहे," ती म्हणाली.

"चारही माहीत आहेत. पावलं मोजावी लागत नाहीत, वारा अडतो तिथे कळतं."

"मग त्या दिवशी का आपटलास?"

त्याला ते कधीच सांगायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"तू हाक मारलीस," तो म्हणाला. "मी आवाजाकडे वळलो."

डेल्फा धुळीत उभी राहिली. मग तिने उजव्या खिडकीखाली स्टूल मांडलं, चारही पाय हलवून बघितले, आणि त्याचा हात धरून स्टुलावर ठेवला. "ही तू लाव," ती म्हणाली. आत जाऊन तिने ग्रँटला बाजूला केलं आणि सांगितलं, "ते खोकं उद्या घेऊन जा, परत देऊन टाक."

हॅगर्टी अजून त्याच कॅम्परने हिंडतात. संध्याकाळी लोवेल स्टूल घेऊन बाहेर पडतो. पहिली खिडकी झाली की तो कोपऱ्याआड जातो आणि डेल्फा चुलीपाशी उभी असते. भीती तिला अजून वाटते. ती ओठ घट्ट मिटते, आणि तो वळून येईपर्यंत हाक मारत नाही.